मागं तोंड करून बसणारा

युद्धाचे सिनेमे मला पाहवत नाहीत. डोळ्यांत पाणी येतं म्हणून नव्हे, डोकं फिरतं म्हणून. घरात कुणी टीव्हीवर तसला सिनेमा लावला की मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसते. पुतण्याची मुलं एकमेकांना सांगतात, "आजीले बॉम्बचा आवाज सहन होत नाही." आवाजाचं मला काही नाही. चाळीस-चाळीस पोरांचे वर्ग मी जन्मभर सांभाळले, माझे कान निबर आहेत. मला सहन होत नाही तो शेवट: बिगुल, झेंडा, नायकाचं घरी येणं, आणि ज्यांच्या घरचं कुणी गेलेलं नाही अशा लोकांनी वाजवलेल्या टाळ्या. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. मी ते पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या अकोल्याकडच्या मालेगावच्या बाजारात, एका ठिगळं लावलेल्या तंबूत.

माझा नवरा लढाईत विमानातून बॉम्ब टाकायला जायचा. आमच्या खेड्यातून मेडशीला जायचं तर बंडी जुंपावी लागे, तिथला हा पोरगा अकोल्याला मॅट्रिक झाला आणि घरात न विचारता विमानदळात भरती झाला. विमान तो चालवत नव्हता. त्या विमानात दोनच माणसं. पुढचा चालवायचा, हा मागं बसून बिनतारीचं यंत्र सांभाळायचा आणि पाठीमागून कुणी आलं तर मशीनगन चालवायचा. लग्नानंतर एकदाच सुट्टीवर आला. तेव्हा मी विचारलं, वरून कसं दिसतं? तो हसला.

"माया तोंड मांगं असते. समोर काय येऊन राह्यलं ते मले मालूमच नसते. जिथून निघालो ते मात्र लय वेळ दिसत राह्यते."

एवढं एकच त्याचं बोलणं मला शब्दाला शब्द आठवतं. बाकीचं मी नंतर मनानंच रचलं असेल.

मग ब्रह्मदेशातून 'बेपत्ता' असं कळवण्यात आलं. लढाई संपल्यावर त्याच्याच तुकडीतला एक पंजाबी रस्ता विचारत विचारत आमच्या दारात आला. त्याला कुणी पाठवलं नव्हतं. मित्राच्या घरी सांगितलं पाहिजे, एवढ्यासाठी आला. भाकर आणि तुरीचं वरण जेवला. मग त्यानं सांगितलं की विमान बॉम्ब टाकायला खाली झेपावलं ते पुन्हा वर आलंच नाही. टेकडीवर आपटलं आणि पेटलं. तो स्वतः मागून येणाऱ्या विमानात होता. "मैंने अपनी आँखों से देखा, बाबूजी."

माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणायची, त्याच्याकडे वळले. मग म्हणाले, "तू विमान पडलेलं पाह्यलं. माया पोरगा पडलेला पाह्यला का?"

तो बिचारा खरं बोलणारा. "नहीं," म्हणाला.

"मंग झालं तं," मामाजी म्हणाले आणि हात धुवायला उठले.

मी दाराआड उभी होते. मला त्या क्षणी कळलं की माझा नवरा मेला. आणि हेही कळलं की या घरात तो मेलेला नाही. त्या रात्री मी रडायला लागले तर मामाजी बाहेरून कडाडले, "जित्या मानसाच्या नावानं रडू नको. घराले अवदसा लागते." सासूबाई तर आधीच गेलेल्या. माझी बाजू घ्यायला घरात कुणी नव्हतं.

आमच्याकडे चाल अशी, की माणूस नाहीसा झाला आणि देह हाती लागला नाही तर बारा वर्षं वाट पाहायची. तेवढ्यात आला नाही तर पळसाची पानं आणि दर्भ बांधून त्याचा माणूस करायचा, नारळाचं डोकं लावायचं, आणि त्याला रीतसर अग्नी द्यायचा. तोवर बायको सवाष्णच. तोवर मी कपाळाला कुंकू लावलं, हातात काचेच्या बांगड्या भरल्या, वडाला सूत गुंडाळलं. एक बांगडी पिचली तरी मामाजी बांगडीवाल्याला घरी बोलावून आणायचे. गावातल्या बायकांचा एक आवडता प्रश्न होता: हिला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही? ज्या बोलवायच्या त्या कुंकू लावताना बोट असं लांबून टेकवायच्या, जसं काही माझं कपाळ तव्यासारखं तापलंय. ज्या बोलवत नसत त्या निदान प्रामाणिक होत्या. त्यांचा मला कमी राग यायचा.

स्वराज्य आल्यावर शाळेपुढं एक दगड उभा राहिला. देशासाठी झिजलेल्यांची नावं त्यावर कोरायची होती. गावच्या पुढाऱ्यानं आधीच सांगून टाकलं, "तो इंग्रजाच्या चाकरीत गेला. त्याचं नाव बसत नाही." मी वाट पाहत होते की मामाजी त्याची गचांडी धरतील. मामाजी शांतपणे म्हणाले, "बरोबर हाये. जित्या मानसाचं नाव दगडावर कायले लिहता?" दोघांचंही समाधान झालं. एकासाठी तो परका, दुसऱ्यासाठी तो जिवंत. मरण पत्करलेल्या माणसाला मरणाचा मानसुद्धा मिळू द्यायचा नाही, यावर सगळ्या गावाचं इतकं एकमत मी दुसऱ्या कशावर पाहिलं नाही.

मला माझा नवरा मेलेला हवा होता. हे वाचून ज्यांना दचकायचं त्यांनी दचकावं. तो मेला होता, टेकडीवर जळाला होता, आणि मला त्याच्यासाठी एकदा उघड्यावर, तोंड न दाबता रडायचं होतं. तेवढ्यासाठी मी ती वर्षं काढली.

ती बारा वर्षं अखेर भरली. हिवाळा लागला होता, कापूस घरात यायला लागला होता. मामाजींचं मन होत नव्हतं, पण चालीपुढं त्यांचं काही चाललं नाही. भटजींशी बोलणं झालं, तिथी ठरली, धाकट्या दिरानं पळसाची पानं तोडून आणून ओसरीत ठेवली. मी त्या पानांवर पाणी शिंपडायची, वाळू नयेत म्हणून.

आणि नेमका तेव्हा मालेगावात तंबू आला. फिरता सिनेमा. आठवडी बाजाराला गेलेल्या दिराला सिनेमाचं वेड. तो मामाजींना म्हणाला, "बाबा, विमानवाल्यायचा खेळ हाये, चाला." मामाजींनी जन्मात सिनेमा पाहिलेला नव्हता. पण विमान म्हटल्यावर गेले.

परत आले ते दुसरेच होऊन. बंडीतून उतरताना म्हाताऱ्याच्या अंगात पोरासारखी घाई. पागोटं सुटून गळ्यात आलेलं. अंगणातूनच ओरडले, "बाई! अवो बाई! मी पाह्यलं! इमान पडलं, आग लागली, अन् पोरगा जिता! छत्री घेऊन उतरला. जंगलात लोकायनं लपवून ठेवला, अन् मंग पायी पायी घरी आला. माय उंबरठ्यात उभी होती!"

मी म्हटलं, "मामाजी, तो सिनेमा आहे."

"सिनेमा तं सिनेमा! झाल्याबिगर कोनी दाखवते का? एवढं मोठं इमान आनलं, पाडलं, ते काय खोटं? आपलाही पायी येऊन राह्यला असन. ब्रह्मदेश काय जवळ हाये?"

त्यांनी ओसरीतली पळसाची पानं उचलली आणि गुरांपुढं टाकली. गुरांनी ती हुंगली आणि तशीच तुडवली. दुसऱ्या दिवशी भटजींना निरोप गेला: विधी नाही.

मला कुणाचा जास्त राग आला ते आजही सांगता येत नाही. म्हाताऱ्याचा, दिराचा, की तो सिनेमा काढणाऱ्या सातासमुद्रापलीकडच्या लोकांचा. दिराला मी म्हटलं, "तुम्ही पाहिलं ना? सगळे आले परत?" तो म्हणाला, "तंबूतला सांगनारा तं म्हने सगळे आले." म्हणजे यानं पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. मी त्याला म्हटलं, उद्या बंडी जुंपा, मी पाहते. माझा आवाज ऐकून त्यानं का म्हणून विचारलं नाही.

दिवेलागणीचा पहिला खेळ. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, मध्ये कनात, सगळे जमिनीवर. बाहेर इंजिन धडधडत होतं. सिनेमा इंग्रजी, म्हणून पडद्याच्या कडेला एक माणूस भोंगा घेऊन उभा. जे दिसेल ते तो आमच्या बोलीत सांगायचा. आधी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि बराच वेळ राहिली. नवऱ्यानं सुट्टीत मला इंग्रजी मुळाक्षरं शिकवली होती, तेवढ्यावर मी एखाददुसरा शब्द लावला. पुढं मी शिक्षिका झाल्यावर आमच्या हेडमास्तरांनी मला सांगितलं की असल्या सिनेमांत सुरुवातीला तसं लिहितात: विमानातून गेले आणि परतले नाहीत त्यांच्या स्मृतीला. भोंगेवाल्यानं त्या वेळात सांगितलं, "बिड्या इझवा. बायांनी आपापली लेकरं सांभाळा." स्मृतीची अक्षरं त्या गोंधळात निघून गेली.

विमान मोठं होतं, माणसं बरीच. पुढं चालवणारा, देखणा. आणि अगदी शेपटीत, काचेच्या टोपलीत, मागं तोंड करून बसलेला एक पोरगा. त्याला पाहिलं आणि मी पुढं सरकून बसले. एकदा त्यानं हातमोजे काढून बोटांवर फुंकर मारली. नंतर एकदा पुढच्याशी यंत्रातून काहीतरी बोलला आणि हसला. बस, एवढंच त्याला काम. लोक शिट्ट्या मारत होते. कुठलंही विमान पडलं की शिट्टी. ते कुणाचं हे कुणालाच माहीत नसायचं, पण शिट्टी ठरलेली.

मग गोळ्या आल्या. काचेला भोकं पडली आणि त्या पोराची मान एका बाजूला कलली. डोळे उघडेच. पापणी लवायच्या आत पडद्यावर पुन्हा देखणा आला, आणि भोंगा म्हणाला, "घाबरू नोका! मांगचा बेहोश झाला. वाचते तो!"

बेहोश! पुढचा सगळा वेळ मी त्या पोराला शोधत होते. देखणा छत्रीनं उतरला, जंगलात लपला, एका पोरीनं त्याला दूध पाजलं, तो घरी आला, आईनं कवटाळलं. मागच्याचं नाव कुणी काढलं नाही. देखण्यानंसुद्धा नाही. शेवटी भोंगा म्हणाला, "अन् असे सगळे आपापल्या घरी सुखरूप आले!" तंबू टाळ्यांनी फुटायचा बाकी राहिला.

खेळ सुटल्यावर मी भोंगेवाल्याला इंजिनापाशी गाठलं. किडकिडीत माणूस, तोंडात पान. मी म्हटलं, "तो मागचा मेला. तुम्ही बेहोश कसं म्हणता?"

तो म्हणाला, "मले काय मालूम नाही का, बाई? पन लोकायले रडवून पाठवलं तं उद्या तंबूत कोन येईन?"

"माझा नवरा मागं बसायचा," मी म्हटलं.

त्यानं माझ्या कपाळाकडे पाहिलं. कुंकू ठसठशीत. त्याला वाटलं असेल, ही वेडी आहे. "बसायचा म्हंजे? आता कुठी बसते?" असं विचारून तो दुसऱ्या खेळाला आत गेला.

घरी आल्यावर मी मामाजींना म्हटलं, "आपण दोघं पुन्हा एकदा पाहू." म्हातारा आनंदानं तयार झाला. मी एवढंच सांगितलं, "या खेपेला पुढच्याकडे पाहू नका. मागं बसणाऱ्याकडे पाहा. आपला मागं बसायचा."

"असं का?" ते म्हणाले. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. पोरगा विमानात होता एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं; कुठं बसायचा हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि मी आपणहून त्याचं नाव काढलं की ते उठून जायचे.

म्हाताऱ्या माणसाला मी असं का नेलं, असं पुढं माझ्या जावेनं मला विचारलं. क्रूरपणा होता का? होता. मला त्याचा पश्चात्ताप नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला अशा एका भोंग्यानं माझ्या नवऱ्याला पुन्हा ब्रह्मदेशातून पायी चालवायला लावलं होतं, आणि ते मी चालू देणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी तोच खेळ, तीच कनात. पलीकडे मामाजी आणि दीर, अलीकडे मी. गोळ्या आल्या. काचेला भोकं पडली. मान कलली. आणि भोंगा म्हणाला, "घाबरू नोका! मांगचा बेहोश—"

मी उभी राहिले. "मेला! खोटं कायले सांगता? मेला तो!"

बायका माझा पदर ओढायला लागल्या. पुरुषांतून आरडाओरडा झाला, "ए बाई, बस खाली! कोन हाये ते?" शिट्ट्या सुरू झाल्या. त्या गलक्यात कनातीपलीकडून मामाजींचा आवाज आला. मोठा नव्हता, पण मला तो हजारात ओळखू आला असता.

"कोन मेला, बाई?"

नवऱ्याच्या मरणाचा शब्द बायकोनं तोंडातून काढायचा नसतो. लहानपणापासून तेच शिकवलेलं. सवाष्णीनं तर नाहीच नाही. मी भरल्या कपाळानं, भरल्या हातांनी, त्या बिड्यांच्या धुरात उभी राहून म्हटलं,

"मागचा. मागं बसणारा मेला, मामाजी."

तंबू गप्प झाला, असं मी सांगणार नाही. लोक खिदळत होते, कुणीतरी माझ्यावर शेंगांची टरफलं फेकली. पण भोंगेवाला थांबला होता. पडद्यावर चित्रं पुढं सरकत होती आणि तो बोलत नव्हता. मग त्यानं भोंगा तोंडाला लावला आणि कोरड्या आवाजात म्हणाला, "बाई खरं सांगून राह्यल्या. मांगचा मेला. तो काही घरी नाही येत." आणि पुढं देखण्याची गोष्ट सांगायला लागला. त्या धंद्यातल्या माणसाकडून तेवढं सत्य मी पुरेसं मानते. शेवटी देखणा घरी आला तेव्हा लोकांनी नेहमीप्रमाणे टाळ्या वाजवल्या.

बंडीनं परत निघालो. दिराला वाटलं मी घराण्याची अब्रू घालवली, तो बैलांवर राग काढत होता. मामाजी मागं तोंड करून बसले होते, मालेगावचे दिवे दिसेनासे होईपर्यंत.

दोन दिवसांनी त्यांनी स्वतः जाऊन पळसाची पानं आणली. भटजी आले. ओढ्याकाठी माणूस बांधला. म्हाताऱ्या बापानं पोराला अग्नी दिला. बायकांनी तिथं जायचं नसतं, म्हणून मी परसात धुण्याच्या दगडापाशी बसले होते आणि गावातल्या बायका माझ्या बांगड्या फोडायला गोळा झाल्या होत्या. इतकी वर्षं लांबून बोट टेकवणाऱ्या त्या दिवशी अगदी जवळ येऊन बसल्या. विधवा करायला हात सगळ्यांचे तयार असतात.

मामाजी ओल्या धोतरानं तसेच परसात आले. पुरुषानं त्या वेळी तिथं यायचं नसतं. बायका बाजूला सरल्या. ते माझ्यापुढं उकिडवे बसले.

"तुले कवापासून ठाऊक होतं?"

"तो पंजाबी आपल्या घरी जेवला तवापासून."

"मंग एवढी वर्सं कुंकू कोनासाठी लावत होती?"

"तुमच्यासाठी," मी म्हटलं.

मी ते मायेनं म्हटलं नाही. थुंकावं तसं म्हटलं. एवढ्या वर्षांचा राग त्या एका शब्दात होता आणि तो त्यांना लागला. त्यांचं तोंड वाकडं झालं. मग त्यांनी धोतराचा ओला सोगा हातात घेतला आणि माझ्या कपाळावरचं कुंकू पुसायला लागले. सासऱ्यानं सुनेच्या अंगाला हात लावायचा नसतो. कुणी बाई "अवो, अवो" करत पुढं आली तर त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. कुंकू गेलं तरी ते पुसतच राहिले.

"आता रड, माय," ते म्हणाले.

ती परवानगी त्यांनी द्यावी याचासुद्धा मला राग आला. पण रडू त्याच्या आधीच आलं होतं.